‘गावात’ जाण्याआधी : जुन्या नाशिकमधील वर्षभराचे सोहळे कसे पाहावेत

कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा सिडको भागात राहणारा नाशिककर मेन रोड, सराफ बाजार किंवा भद्रकालीकडे निघाला की आजही ‘जरा गावात जाऊन येतो’ असेच म्हणतो, आणि गोदावरीच्या घाटाकडे निघाला की ‘गंगेवर जातो’ असे सांगतो. शहर कितीही पसरले तरी त्याचे वर्ष अजून याच गावात आणि याच गंगेवर साजरे होते. मात्र बाहेरून येणारे पाहुणे, आणि खरे सांगायचे तर उपनगरांत वाढलेली आपलीच मुले, पुष्कळदा चुकीच्या दिवशी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागी येऊन पोहोचतात आणि ‘नुसती गर्दी होती’ एवढेच म्हणत परततात. फाल्गुनापासून माघापर्यंत या भागात काय पाहावे, त्यासाठी केव्हा निघावे, कोठे उभे राहावे आणि कोणत्या दिवशी घरीच बसावे, याची माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

पहिले काम : तारीख नव्हे, तिथी पाहणे

गावातील जवळपास सर्व सोहळे तिथीवर चालतात आणि दरवर्षी गोंधळ होतो तो येथेच. रामनवमीला काळाराम मंदिरात जन्मोत्सव असतो, पण रथ निघतो तो त्यानंतर दोन दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला. माझे पुण्याचे मेहुणे एका वर्षी रथ पाहायचा म्हणून रामनवमीला सहकुटुंब आले, दर्शनाच्या रांगेत तीन तास उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय असल्याने रथ न पाहताच परत गेले. रंगाचेही तेच आहे. नाशिकमध्ये रंग धुळवडीला नव्हे, तर फाल्गुन वद्य पंचमीला, रंगपंचमीला खेळला जातो, आणि धुळवडीचा दिवस वीरांचा असतो.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आधी तिथी शोधावी आणि मगच रजेचा अर्ज द्यावा. अधिक मासाच्या वर्षी विशेष सावध राहावे. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने त्यापुढचे सर्व सण लांबतात आणि गणेश चतुर्थी थेट 14 सप्टेंबरला येते, तर आदल्या वर्षी ती 27 ऑगस्टला होती. ‘मागच्या वर्षी या सुमारास होते’ या हिशोबाने रेल्वेचे आरक्षण करणाऱ्यांची अशा वर्षी हमखास फसगत होते. तिथी दोन दिवसांत विभागली गेली असेल, तर संबंधित मंदिराच्या फलकावर लावलेली सूचनाच प्रमाण मानावी.

दुसरे काम : एकदा रिकाम्या दिवशी पायी फिरून येणे

नाशिकरोड रेल्वे स्थानक या भागापासून सुमारे 10 किलोमीटर दूर आहे. तेथून सिटीलिंकच्या बसने किंवा रिक्षाने मध्यवर्ती बस स्थानक, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले सीबीएस, किंवा पंचवटीतील निमाणी स्थानक गाठावे. यापुढचे सर्व काही पायांनीच पाहायचे आहे. सीबीएसवरून शालिमार, तेथून गाडगे महाराज पुतळा, मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार आणि मग उतार उतरून घाट, असा रस्ता रमतगमत गेले तरी अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. नदीच्या अलीकडच्या तीरावर यशवंतराव महाराज पटांगण आणि होळकर पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण मंदिर लागते. पलीकडे रामकुंड, कपालेश्वर, नारोशंकर, आणि चढ चढून गेल्यावर काळाराम व सीता गुंफा असा पंचवटीचा भाग आहे.

ही फेरी एखाद्या बुधवारी करावी, असे मी सुचवेन, कारण त्या दिवशी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो आणि घाट नुसता तीर्थाचा नसून वापराचा आहे, हे डोळ्यांना दिसते. फेरीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे नदी ओलांडण्याच्या जागा : अहिल्यादेवी होळकर पूल, जुने लोक ज्याला अजून व्हिक्टोरिया पूल म्हणतात, खालच्या अंगाला गाडगे महाराज पूल, आणि या दोहोंच्या मधला, पुरात सर्वांत आधी पाण्याखाली जाणारा रामसेतू. सोहळ्याच्या दिवशी यांपैकी एखादा बंद असतोच आणि मग पर्यायी पूल माहीत नसलेला माणूस अडकून पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे दोन-तीन अशा गल्ल्या, ज्यांतून गर्दीच्या बाहेर पडता येते. तांबट गल्ली, हुंडीवाला लेन, कानडे मारुती लेन ही नावे केवळ वाचून उपयोग नाही, त्या गल्ल्यांतून एकदा चालून गेलेले असावे.

फाल्गुन : वीर आणि रहाडी

धुळवडीच्या दुपारपासून जुन्या नाशिकमधून वीरांच्या मिरवणुका निघतात. घरोघरचे लोक देवघरातील वीरांचे, म्हणजे घराण्यातील पूज्य पूर्वजांचे, टाक घेऊन वाजतगाजत रामकुंडावर जातात, तेथे त्यांना स्नान घालतात, आणि घरातील लहान मुलांना देवदेवतांचा किंवा मावळ्यांचा वेश देऊन बरोबर नेतात. या सर्वांत मानाचा तो दाजीबा वीर, म्हणजेच बाशिंगे वीर. हळद लागलेल्या अवस्थेत मृत्यू आलेल्या एका तरुणाची आख्यायिका यामागे सांगितली जाते, आणि म्हणून या वीराला बाशिंग, दागिने आणि नवरदेवाचा साज असतो. त्याची मिरवणूक अतिशय संथ चालते, कारण दारोदारी औक्षण होते आणि नवस बोलणारे व फेडणारे वाट अडवून उभे असतात. पाहणाऱ्याने मिरवणुकीच्या मागे धावू नये. जुन्या नाशिकमधील एखाद्या चौकात ओट्याची परवानगी मागून बसावे, वीर तेथे येतोच.

त्यानंतर येते रंगपंचमी, आणि तिच्यासाठी नाशिकला येणे हे माझ्या मते वर्षातील कोणत्याही अन्य सोहळ्यापेक्षा अधिक सार्थकी लागते, कारण रहाड ही गोष्ट इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही. रहाड म्हणजे चौकाच्या मधोमध जमिनीत बांधलेला, पेशवेकालीन मानला जाणारा दगडी हौद. वर्षभर तो मातीखाली आणि रस्त्याखाली झाकलेला असतो. त्यावरून रिक्षा जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, आणि खाली काय आहे याची नवख्याला कल्पनाही येत नाही. शनी चौक, तिवंधा चौक, जुनी तांबट लेन, दिल्ली दरवाजा, दंडे हनुमान चौक या ठिकाणच्या रहाडी प्रसिद्ध आहेत.

सण पाहायचा असेल तर तो आदल्या दोन-तीन दिवसांपासून पाहावा. या दिवसांत चौकातील तरुण पहारी घेऊन रस्ता उकरतात, माती बाजूला सारतात, खालच्या जाड फळ्या निघतात आणि मग साठलेला गाळ उपसून हौद धुतला जातो. लाकडाच्या त्या ओल्या, कुबट वासाने आमच्या गल्लीतील वृद्ध माणसे दारात येऊन उभी राहतात. रंगपंचमीच्या दिवशी चौकातच मोठ्या कढईत रंग उकळतो. प्रत्येक रहाडीचा रंग परंपरेने ठरलेला असतो, आणि अनुभवी माणूस तुमच्या कपड्यांकडे पाहून तुम्ही कोणत्या चौकात उडी मारून आलात हे सांगू शकतो. रंग हौदात ओतला गेला की मानकऱ्यांच्या हस्ते पूजा होते आणि दुपारनंतर रहाड सर्वांसाठी खुली होते.

रहाडीत उडी मारण्याला ‘धप्पा’ म्हणतात. धप्पा मारणाऱ्याने काठावर उभे राहून पाय जवळ घ्यावेत आणि आधीचा माणूस बाहेर आल्याची खात्री करूनच उडी घ्यावी. सूर मारू नये, कारण हौद लहान आहे आणि तळ दगडी आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने मंडळाच्या कार्यकर्त्यांना तसे आधी सांगावे, ते काठावरूनच रंगात बुचकळून काढतात आणि त्यातही कमीपणा काही नाही. रंग आठवडाभर जात नाही, म्हणून अंगाला आणि केसांना आधी खोबरेल तेल चोपडावे, जुने व गडद कपडे घालावेत आणि चष्मा, घड्याळ, मोबाइल घरी ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल सुरक्षित राहतो असे मीही एका वर्षी मानले होते, आणि त्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूला आलेली छटा पुढे तो मोडीत काढेपर्यंत तशीच राहिली. केवळ पाहायला आलेल्यांनी चौकातील एखाद्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरील खिडकी मिळते का ते पाहावे. ओळख नसली तरी ‘काकू, जरा वर येऊ का?’ असे विचारल्यावर नकार क्वचित मिळतो. एक-दोन दिवसांत रहाड पुन्हा फळ्यांनी झाकली जाते आणि वरून वाहतूक सुरू होते, त्यामुळे ‘पुढच्या शनिवारी येऊन पाहू’ हा बेत येथे चालत नाही.

चैत्र : पाडवा, आणि मग रथ

गुढीपाडव्याच्या निमित्ताने घाटावर ढोल-ताशांचे महावादन आणि महारांगोळी असे कार्यक्रम होतात, आणि पाडव्याच्या सकाळी निरनिराळ्या भागांतून स्वागतयात्रा निघतात. ढोलाचा आवाज काठावर उभे राहून ऐकण्यापेक्षा नदीच्या दुसऱ्या तीरावरून अधिक चांगला ऐकू येतो, हे लहान मुले आणि कानाचा त्रास असलेली माणसे बरोबर असताना उपयोगी पडते.

रथोत्सवाची तयारी मात्र अधिक विचारपूर्वक करावी लागते. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात उभारले. चैत्रात तेथे वासंतिक नवरात्र असते. एकादशीला सायंकाळी मंदिराच्या पूर्व दरवाजाकडून दोन रथ निघतात, एक गरुडरथ आणि दुसरा रामरथ. गरुडरथाचा मान अहिल्याराम व्यायामशाळेकडे, तर रामरथाचा मान रास्ते आखाडा तालीम संघाकडे आहे. रथापुढे मानाचे पुजारी, ज्यांना ‘बुवा’ म्हणतात, देवाकडे पाठ होऊ नये म्हणून रथाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालतात. रामरथ नदी ओलांडत नाही. तो पंचवटीच्याच तीरावर थांबतो, आणि गरुडरथ नदीपलीकडे जाऊन गावातून फिरून येतो. त्यानंतर रामकुंडावर देवांना अवभृथ, म्हणजे उत्सवाच्या सांगतेचे, स्नान घातले जाते आणि रथ रात्री उशिरा मंदिरात परततात.

दोन्ही रथ पाहायचे असतील तर दुपारी चारच्या आत पूर्व दरवाजाजवळ पोहोचावे. ते जमणार नसेल तर गर्दीत शिरण्याचा हट्ट सोडून गणेशवाडीच्या रस्त्यावर उभे राहावे. फक्त गरुडरथ पाहणाऱ्यांना मेन रोड किंवा सराफ बाजार सोयीचा पडतो, आणि दुकानांच्या पायऱ्यांवर वृद्धांना बसायलाही मिळते. रथ वळणावर येतो तेव्हा दोर ताणले जातात, मागचे लोक चाकाखाली लाकडी ओंडके सरकवून त्याला थोपवतात आणि चाकाचा कर्रकर्र आवाज घोषणांच्या वर ऐकू येतो. त्या क्षणी वळणाच्या आतील बाजूला कधीही उभे राहू नये.

या रथाला आणखी एक इतिहास आहे आणि तो माहीत असल्यावाचून पूर्व दरवाजापाशी उभे राहू नये, असे मला वाटते. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या दाराशी प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये रथ ओढण्याच्या हक्कावरून संघर्ष होऊन सत्याग्रहींवर दगडफेक झाली. दरवर्षी 2 मार्चला या लढ्याच्या स्मरणार्थ येथे अभिवादनासाठी लोक जमतात. हा दिवस मात्र तिथीवर नव्हे तर तारखेवर ठरतो.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात

वैशाखात दिवसा गावात फिरण्याचे काही कारण नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी घाटाजवळ मातीच्या घागरी विकायला येतात, तेवढ्या सकाळी आठच्या आत घेऊन परतावे. मे महिन्यात सायंकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. 1922 मध्ये सुरू झालेली ही व्याख्यानमाला महिनाभर चालते, प्रवेशासाठी तिकीट नसते, आणि नदीवरून वारा सुटला की वक्ता कंटाळवाणा असला तरी बसावेसे वाटते. घाटावर बांधकाम सुरू असेल त्या वर्षी जागा बदलू शकते, म्हणून वृत्तपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर पाहूनच निघावे.

पावसाळा : पूर पाहायचा असेल तर

नाशिककर पूर पाहायला जातो, हे बाहेरच्यांना विचित्र वाटते. पण दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला, हा जुलै-ऑगस्टमधला येथील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. रामकुंडाजवळ नदीपात्रातच उभी असलेली ही दोन्ही बाजूंना तोंड असलेली मारुतीची उंच मूर्ती म्हणजे गावाची पाणीपट्टी आहे, अर्थात मोजण्याची, भरण्याची नव्हे. पायाला पाणी लागले म्हणजे नदीला पाणी आले, कमरेला लागले म्हणजे काठच्या दुकानदारांनी माल हलवायचा, आणि छातीच्या वर गेले म्हणजे सराफ बाजाराने कुलपे घालून निघायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब आहे. 2008, 2016 आणि 2019 या वर्षांचे पूर आजच्या पिढीने पाहिले आहेत, तर त्याआधीची पिढी 1969 च्या पुराची आठवण काढल्याशिवाय राहत नाही.

हे पाणी दोन वाटांनी येते आणि त्यातील फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिली वाट गंगापूर धरणाची. पाणलोट क्षेत्रात पाऊस वाढला की धरणातून विसर्ग सोडला जातो आणि तो किती क्युसेक आहे हे जाहीर होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे 28 लिटर पाणी. धरण शहराच्या वरच्या अंगाला असल्याने सोडलेले पाणी घाटावर पोहोचायला काही वेळ जातो, आणि त्यामुळे सूचना मिळाल्यावर दूर होण्याइतका अवधी असतो. दुसरी वाट अधिक फसवी आहे. दहीपूल आणि सराफ बाजार यांच्या खालून सरस्वती नाला वाहतो आणि पुढे गोदावरीला मिळतो. आज दहीपुलावर पूल असा दिसत नाही, कारण नाला जमिनीखाली गेला आहे. शहरातच तासाभरात जोराचा पाऊस झाला तर धरणातून थेंबभर पाणी सुटलेले नसतानाही सराफ बाजारात गुडघाभर पाणी येते. नदीला आधीच पूर असेल, तर नाल्याच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते मागे फिरते.

तेव्हा पूर पाहण्यासाठी निघण्याआधी विसर्गाचा आकडा पाहावा, तो वाढता आहे की उतरता याची खात्री करावी, आणि उतरत्या विसर्गाच्या दिवशीच मुलांना न्यावे. उभे राहण्याची योग्य जागा म्हणजे होळकर पुलाचा पदपथ, जोवर पोलिसांनी तो बंद केलेला नाही तोवर. तेथून दुतोंड्या मारुती दूरवर, आणि डावीकडे नारोशंकराच्या मंदिराचा घंटा असलेला दगडी कोट दिसतो. हे मंदिर 1747 चे आहे. ती घंटा 1739 च्या वसईच्या विजयानंतर आणलेली म्हणून ओळखली जाते. पाण्याजवळ जाऊन छायाचित्रे काढण्यासाठी घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत. शेवाळ आणि गाळ यांमुळे त्या अशा निसरड्या असतात की पट्टीचा पोहणारा देखील तेथे उभा राहू शकत नाही.

वाहनाविषयी मात्र स्वतः मार खाऊन शिकलेली गोष्ट सांगतो. एका ऑगस्टमध्ये मी घाटालगतच्या वाहनतळावर दुचाकी लावली, पावती देणाऱ्याने ‘काही होत नाही साहेब, पाणी संध्याकाळी येणार’ असे सांगितले, आणि दीड तासाने परतलो तेव्हा गाडीचे फक्त आरसे पाण्यावर होते. पावतीच्या मागे ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते, ते मी त्या दिवशी प्रथमच वाचले. जून ते सप्टेंबर या काळात नदीकाठी वाहन लावूच नये.

पावसाळ्यातच ज्येष्ठाच्या सुमारास त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते आणि नाशिक शहरातून पुढे जाते. श्रावणातील सोमवारी कपालेश्वराच्या दर्शनाला मोठी रांग असते. या मंदिराचे वैशिष्ट्य असे की शिवापुढे नंदी नाही, आणि त्याची कथा रांगेतील कोणीही आनंदाने सांगेल. मोहरमच्या काळात सारडा सर्कलजवळच्या इमामशाही दर्ग्यात आळिवाचे बी रुजवून हिरवागार केलेला ताबूत पाहायला सर्व धर्मांचे लोक जातात. मोहरमची तारीख दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे तो नेहमी पावसाळ्यातच येईल असे नाही.

गणेशोत्सव

दहा दिवसांत देखावे पाहण्यासाठी मेन रोड, रविवार कारंजा आणि पंचवटी कारंजा हा पट्टा पुरेसा आहे. रविवार कारंजाचा चांदीचा गणपती पाहिल्याशिवाय घरातील ज्येष्ठ मंडळी परतू देत नाहीत. शेवटचे दोन दिवस सोडून, सायंकाळी सातच्या आधी जावे.

विसर्जनाची मुख्य मिरवणूक भद्रकाली भागातील वाकडी बारव येथून सुरू होते, दादासाहेब फाळके रस्ता, महात्मा फुले मार्केट, गाडगे महाराज पुतळा, मेन रोड, धुमाळ पॉइंट, महात्मा गांधी रस्ता, मेहेर सिग्नल, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, होळकर पूल, मालेगाव स्टँड, पंचवटी कारंजा असे मोठे वळण घेत गोदाघाटावर येते. ढोल आणि लेझीम पाहायचे असल्यास, विशेषतः गुलालवाडी व्यायामशाळेचे लेझीम, तर मेन रोडच्या अरुंद भागापेक्षा महात्मा गांधी रस्ता बरा, कारण रुंदी असल्याने पथकांना तेथे खेळायला जागा मिळते. चिंचोळ्या भागात आवाज भिंतींवर आदळून परततो आणि तान्ह्या बाळाला तो सोसत नाही. घरच्या गणपतीचे विसर्जन करायचे असेल तर मिरवणुकीच्या मार्गात न शिरता महापालिकेच्या कृत्रिम तलावावर सकाळीच उरकावे.

नवरात्र ते त्रिपुरी पौर्णिमा

नवरात्रात जुन्या आग्रा रस्त्यावरील कालिका मातेची यात्रा भरते. पाळणे, खेळणी, भांडी आणि रेवड्या-शेव यांच्या दुकानांमधून दर्शनाची रांग जाते. पहाटे चारला गेलेल्यांना दर्शन मिळते आणि यात्रा हुकते, सायंकाळी आठला गेलेल्यांना यात्रा मिळते आणि दर्शन हुकते. दोन्ही हवे असेल त्यांनी दुपारी तीनची वेळ धरावी. दसऱ्याला रामकुंडावर रावणदहन होते, ते समोरच्या तीरावरून पाहावे.

दिवाळीत धनत्रयोदशीच्या सायंकाळी सराफ बाजार आणि भांडी बाजार यांत चालणे जवळपास अशक्य असते. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची तर आठवडाभर आधी जाणे शहाणपणाचे, भावही शांतपणे करता येतो. पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातील पिंपळपारावर गाण्याची मैफल असते. रस्त्यावरच्या सतरंजीवर जागा हवी असेल तर साडेचारला पोहोचावे आणि शाल घेऊन जावे, कारण या सुमारास नाशिकला थंडी सुरू झालेली असते. त्याच दिवशी गवळी बांधव रंगवलेल्या, सजवलेल्या रेड्यांची मिरवणूक काढतात.

कार्तिकातील दोन रात्री मात्र फारशा कोणाला माहीत नसतात. वैकुंठ चतुर्दशीला मध्यरात्री हरिहर भेट होते : शंकराला तुळस आणि विष्णूला बेल वाहिला जातो, म्हणजे एरवीचा नियम त्या एका रात्री उलटा होतो. कपालेश्वर नदीच्या एका तीराला आणि सुंदरनारायण दुसऱ्या तीराला असल्याने भेट या शब्दाला येथे खरोखरचा अर्थ आहे. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर दिवे लागतात, आणि पंचवटीतील कार्तिकस्वामींचे एरवी बंद असणारे मंदिर दर्शनासाठी उघडते. मोरपीस वाहण्यासाठी तेथे लांब रांग लागते. आधी दर्शन उरकून अंधार पडल्यावर घाटावर उतरावे, दिवे त्याच वेळी सुंदर दिसतात.

थंडी

पौषात त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथ यात्रेसाठी दिंड्या नाशिकमधून जातात, आणि भल्या पहाटे धुक्यात टाळांचा आवाज आधी व माणसे नंतर दिसतात. पहाटे गावात गेल्यास गरम जिलेबी आणि नंतर झणझणीत मिसळ हा क्रम ठेवावा, उलटा ठेवला तर जिलेबीची चव लागत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात दुचाकीवरून जाताना गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळावा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो उडत असतो. महाशिवरात्रीला कपालेश्वराची पालखी निघते, आणि मग महिन्याभरात पुन्हा रहाडीच्या चौकांत पहारींचा आवाज येऊ लागतो.

सिंहस्थाच्या वर्षांत हे सर्व कसे बदलते

गुरू सिंह राशीत आला की बारा वर्षांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा भरतो. मागचा 2015 मध्ये झाला. जाहीर कार्यक्रमानुसार येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 रोजी आहे, आणि नाशिक येथील अमृतस्नाने 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट व 11 सप्टेंबर 2027 या दिवशी आहेत. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान 12 सप्टेंबरला आहे. या काळात वर दिलेल्या वेळा आणि जागा जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. घाटावरील कामांमुळे पायऱ्या, पटांगणे आणि वाहनतळ बंद किंवा हलवलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक सोहळ्याच्या दोन दिवस आधी एकदा प्रत्यक्ष चक्कर मारून यावी.

स्नान पाहण्यास येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच पायी अंतरावर मुक्काम करावा, कारण पर्वणीच्या दिवशी खासगी वाहने शहराबाहेर थांबवली जातात. आखाड्यांच्या स्नानाच्या वेळी रामकुंड सामान्यांसाठी बंद असते, पण नदी तीच आहे आणि खालच्या अंगाच्या घाटांवर पाणीही तेच येते. तिसरे स्नान भाद्रपद शुद्ध एकादशीला, म्हणजे ऐन गणेशोत्सवात आहे. त्या वर्षी गणपतीचे देखावे पाहण्यासाठी गावात यायचे असेल तर ते 8 सप्टेंबरपर्यंत पाहून घ्यावेत, आणि विसर्जन मिरवणुकीचा मार्ग पोलिसांनी जाहीर केल्याशिवाय पाहुण्यांना निमंत्रण देऊ नये.